प्रतिसाद: जीन्स (जनुकं) आणि आमचे काका

तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, 'जीन्सच वाईट असतील तर उपचार करून उपयोग काय?' हे जरा सरसकट झालं. जन्मजात फरक वेगळे (तंबाखूतली विषं निकामी करायला मदत करणारा जीएसटीएम१ हा जीन कित्येकांत नसतोच) आणि कॅन्सरच्या गाठीत नंतर झालेले बदल वेगळे. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये टीपी५३ (पेशींची बेसुमार वाढ रोखणारा जीन) बहुधा बिघडलेला सापडतो. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये तो सहसा शाबूत असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात घशाचा कॅन्सर वाढलेल्यांपैकी एचपीव्हीवाले ८२ टक्के तीन वर्षांनी हयात होते, बाकीचे ५७. पण आपल्याकडे गालाचा आणि हिरडीचा जास्त, तिथे ही सवलत कुठली!

इंदूरचे आमचे काका सराफ्यात (तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) पाणीपताशे, म्हणजे पाणीपुरी, वाटीत फोडून चमच्याने खायचे, कारण तोंड जेमतेम दीड बोट उघडायचं. हे आजाराचं लक्षण असेल हे न कळून आम्ही वर्षभर हसलो. बायोप्सी झाली तोवर गाठ मानेत उतरली होती. डॉक्टरांनी जीन्सचं नावही काढलं नाही. गाठ किती मिलिमीटर खोल, मानेतल्या किती लसिका ग्रंथींत पसरलेली, हेच विचारात घेऊन रेडिएशन ठरवलं.