जेएमएस (जावातली मेसेजची रांग) आणि डेटाबेस पूल (तयार कनेक्शनांचा साठा) अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरकडेच ठेवावेत का?

रांगेतला:
नव्या प्रोजेक्टात वाद पेटलाय: वाइल्डफ्लाय (जावाचा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर) ठेवायचा की सगळं स्प्रिंग बूटवर (वेगळ्या सर्व्हरशिवाय चालणारं फ्रेमवर्क) न्यायचं. माझं मत, ठेवायचा. कारण एकच, एक्सए: रांग आणि डेटाबेस, दोन्हीकडचे बदल एकत्रच पक्के होतात, नाहीतर एकही नाही. त्याशिवाय रांगेतून मेसेज उचलला, टेबलात ओळ टाकून कमिट केली आणि मेसेजची पोच देण्याआधीच प्रोसेस मेली, तर ब्रोकर (रांग सांभाळणारा) तोच मेसेज पुन्हा देतो आणि ओळ दोनदा पडते. सर्व्हरमध्ये एमडीबी (मेसेज आला की चालणारा कोड) आणि एक्सए डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) एकाच जेटीए (जावाच्या) ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. आयतं मिळतंय ते हाताने कशाला लिहायचं?

हिकारीभक्त:
आयतं? पोस्टग्रेस डेटाबेसवर करून बघा. मॅक्स-प्रिपेअर्ड-ट्रान्झॅक्शन्स हे सेटिंग डिफॉल्टने 0 असतं, म्हणजे टू-फेज कमिट (आधी प्रिपेअर, मग कमिट; एक्सए त्यावरच चालतं) बंदच. चालू केलंत आणि प्रिपेअर झाल्यावर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर पडला, की ते ट्रान्झॅक्शन लॉक धरून बसतं, व्हॅक्यूमलाही (डेटाबेसची साफसफाई) अडवतं. त्यापेक्षा मेसेज आयडीवर युनिक की लावा, दुसऱ्यांदा आलेला आपोआप बाद.

रांगेतला:
अहो, रिकव्हरी कशासाठी असते मग? ट्रान्झॅक्शनचा लॉग बघून सर्व्हर स्वतःच निस्तरतो.

पॉडपुराण:
तो लॉग असतो कुठे? डिफॉल्टने सर्व्हरच्याच डेटा फोल्डरमध्ये. कंटेनर (सर्व्हर ज्यात चालतो ते तात्पुरतं खोकं) उडाला की लॉगही उडाला. कायमचा व्हॉल्यूम द्या, आणि प्रत्येक इन्स्टन्सला वेगळा नोड आयडेंटिफायर (ओळख). वाइल्डफ्लायमध्ये तो मुळात 1 असतो. सगळीकडे तसाच राहिला, तर एक सर्व्हर दुसऱ्याचं अर्धवट ट्रान्झॅक्शन आपलंच समजून रोलबॅक करू शकतो. (सुरू होताना सर्व्हरच्या साध्या लॉगमध्ये इशारा येतो. वाचतो कोण!)

जुनी खोड:
युनिक कीने येणारी बाजू सुटली, जाणारीचं काय? ओळ कमिट झाली आणि मेसेज पाठवण्याआधी नेटवर्क गेलं. म्हणजे पाठवायचे मेसेज ओळीसोबतच साठवणारं आउटबॉक्स टेबल आलं, ते वाचणारा पोलर आला, जुन्या ओळी झाडणारा जॉब आला. अर्धा ट्रान्झॅक्शन मॅनेजर तुम्हीच लिहिताय की!

आणि पूलवरून भांडू नका. जेएनडीआयवरून (सर्व्हरचा पूल) घ्या नाहीतर हिकारीतून (अ‍ॅपमधला पूल), एमडीबीचे थ्रेड 15 आणि कनेक्शन 10 ठेवलीत तर 5 जण ताटकळणारच.

हिकारीभक्त:
लिहितो ना! पण रात्री दोनला काय अडकलंय ते साध्या सिलेक्टने दिसतं. शिवाय उद्या काफ्का (वेगळी मेसेज व्यवस्था) आलं तर तुमचं एक्सए तिथेच संपलं, काफ्का त्यात सामील होत नाही.

रांगेतला:
काफ्का येणार नाहीये. आमच्याकडे एक रांग आणि दोन डेटाबेस आहेत, दोन्हीकडे एकदमच लिहावं लागतं. आउटबॉक्स कुठल्या डेटाबेसात ठेवू, तेवढं सांगा.