लायब्ररीचा तास टाइमटेबलमधून काढून टाका, असं माझं मत. बोला!

कपाट_नंबर_चार:
शीर्षक वाचून शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाचा. हायस्कूलला आठवड्यातून एक लायब्ररी पिरियड, ३५ मिनिटांचा. ४० मुलं रांगेने जाणार, त्यात पाच मिनिटं गेली, मग जुनी पुस्तकं जमा, नवीन इश्यू, तारखेचा शिक्का, एका मुलामागे एक मिनिट धरलं तरी ३० मुलांचं होतं आणि उरलेली १० रिकाम्या हाताने वर्गात परत. वाचायचं कधी सांगा? आणि परीक्षा जवळ आली की गणितवाले सर पहिला हाच तास मागून घेतात. त्यापेक्षा तासच नको. शाळा भरायच्या आधी अर्धा तास, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावर दार उघडं ठेवा, आणि कपाटांची कुलपं काढा. आमच्या वेळी काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावं तेवढी वाचायला मिळायची.

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. मी भाषा शिकवते, त्यामुळे रोज बघते. मधल्या सुट्टीत लायब्ररीत कोण येतं माहितीये? ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत अशी सहा-सात मुलं. बाकीची मैदानावर असतात आणि असावीत पण, दिवसभर बाकावर बसलेल्या पोराला सुट्टीत पुन्हा कुठे बसवताय? ज्याच्या घरात छापील कागद म्हणजे फक्त पाठ्यपुस्तक, त्याला आत आणणारा हा एकच तास आहे. नववीतला एक मुलगा पहिले तीन महिने एकाच पुस्तकातली इंजिनांची चित्रं बघायचा, मी काही बोलले नाही. नंतर एक दिवस येऊन विचारतो, मॅडम याचा दुसरा भाग आहे का? तो सुट्टीत कधीच आला नसता.

बाबा_ऑनलाइन:
दोघंही जुन्या जमान्यात आहात. सगळं मोबाइलवर मिळतं, दहा सेकंदात. ती खोली रिकामी करून कॉम्प्युटर ठेवा, मुलांचं भलं होईल.

रजिस्टरवाली:
मी शाळेत लायब्ररी सांभाळते म्हणून बोलते. दहा सेकंदात मिळतं ते खरं, पण प्रोजेक्टला मुलं जे उतरवून आणतात ना, ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं विचारा, एकाला सांगता येत नाही. मागे एक मुलगी खगोलशास्त्राचं पुस्तक घेऊन तणतणत आली की बाई यात नऊ ग्रह दिलेत, पुस्तक चुकीचंय. मी म्हटलं आतलं पान उलट, आवृत्तीचं साल बघ. प्लूटोला बटुग्रह ठरवलं २००६ मध्ये, पुस्तक त्याच्या आधीचं. त्या दिवसापासून ती कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी साल बघते, वेबसाइटवर पण तारीख शोधते.

बाबा_ऑनलाइन:
म्हणजे तुम्हीच कबूल केलंत की तुमची पुस्तकं कालबाह्य आहेत 😄

रजिस्टरवाली:
आहेतच! पण मला ती काढता कुठे येतात. निर्लेखनाला, म्हणजे पुस्तक रजिस्टरमधून कमी करायला, मंजुरी लागते, ती येईपर्यंत फाटकं असो की चुकीचं, दाखल रजिस्टरमधल्या आकड्याशी कपाटातला आकडा जुळला पाहिजे. कमी भरलं तर मला विचारतात, मी काय उत्तर देणार. कुलूप का लावतात ते आता कळलं का कपाटवाले साहेब?

कपाट_नंबर_चार:
कळलं, आणि राग तुमच्यावर नव्हताच. पण हाच तर घोळ आहे, पुस्तक हरवलं तर जाब विचारतात आणि वर्षभर कोणी उघडलंच नाही तर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. आणि चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. रांगेत ३५ मिनिटं घालवणं यात कुठे बसतं?

खडूफळा:
चौथ्यावर उडी मारलीत, दुसरा-तिसरा राहिला की 🙂 प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ती गाठ नुसतं दार उघडून पडत नाही, कोणीतरी घालून द्यावी लागते. इश्यूचं काम दोन मोठ्या मुलांना द्या, अर्ध्या वर्गाने एका आठवड्यात पुस्तक बदलायचं, अर्ध्याने पुढच्या, आणि बाकीचा वेळ वाचायचं. तुमचं गणित बदलेल, तास कशाला मारताय.

मागचा_बाक:
तुम्ही सगळे पुस्तकांवरच भांडताय. मी आठवीत असताना मला वर्गात फार चिडवायचे, मधल्या सुट्टीत जायला जागाच नव्हती. लायब्ररीत खिडकीजवळ एक खुर्ची होती तिथे जाऊन बसायचो. पहिले कित्येक दिवस पुस्तक नुसतं समोर धरून ठेवलेलं, एक अक्षर वाचलं नाही. तिथल्या बाईंनी कधी हटकलं नाही की काय वाचतोस विचारलं नाही. तास असता तर सगळा वर्गच आत आला असता ना, म्हणजे तेच चिडवणारे. मला दार उघडं हवं होतं, बस.

खडूफळा:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ठीक आहे, सुट्टीत उघडं ठेवा, पण तास पण राहू दे.

बाबा_ऑनलाइन:
खुर्ची कुठेही ठेवता येते की, त्याला लायब्ररी कशाला.

मागचा_बाक:
कुठे ठेवता सांगा. वर्गात ते होते, मैदानात ते होते, जिन्यात उभं राहिलं की शिपाईकाका हाकलायचे.

कपाट_नंबर_चार:
बरं, अर्धी माघार घेतो. तास राहू दे पण गणिताला द्यायचा नाही असं लेखी पाहिजे. सुट्टीत दार उघडं यावर मात्र मी अडून आहे.

रजिस्टरवाली:
उघडते की. पण मधली सुट्टी मलाही तेवढीच असते, डबा मी कधी खायचा? ते पण लेखी घ्या.