शब्दचर्चा : अल्बम 'निराशाजनक' असतो म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

एका बँडची गाणी मी कॉलेजपासून ऐकतो आहे. सहा वर्षांच्या खंडानंतर त्यांचा नवा अल्बम आला. रात्री दिवा मालवला, कानाला हेडफोन लावले आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकला. संपला तेव्हा मनात एकच शब्द होता, 'निराशाजनक'. तोच मी आमच्या चार-पाच चाहत्यांत बोलून दाखवला. त्यावर एकानं विचारलं, "निराशा तुझी झाली, मग दोष अल्बमचा कसा?" दुसरा म्हणाला, "अल्बम फसलाय, एवढंच म्हण." तिसऱ्याच्या मते माझा भ्रमनिरास झाला होता. मग आम्ही जवळजवळ दोन दिवस भांडलो. आता मागे वळून पाहिलं तर वाटतं, संगीताबद्दल आमचं फारसं दुमत नव्हतंच. प्रत्येक जण वेगळा शब्द धरून बसला होता.

म्हणून विचारतो : निराशा, अपेक्षाभंग, भ्रमनिरास, हिरमोड, विरस हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? नसतील चालत, तर नव्या अल्बमबद्दल बोलताना कुठला शब्द कुठे वापरावा?

प्रतिसाद १

चालत नाहीत, आणि ते बरंच आहे. या प्रत्येक शब्दात दोष वेगळ्या ठिकाणी ठेवलेला असतो.

'निराशा' या शब्दापासून सुरुवात करू. निर् अधिक आशा, म्हणजे आशा उरलेली नाही अशी अवस्था. मराठीत हा शब्द मुळात चांगलाच जड आहे. निराशेच्या गर्तेत माणूस कोसळतो, निराशेनं ग्रासला जातो. एक अल्बम आवडला नाही म्हणून कोणी गर्तेत जात नाही. बातम्या आणि परीक्षणं घाईघाईनं मराठीत आणताना 'निराशाजनक' हा एक सोयीचा शिक्का हाताशी आला आणि तो सगळीकडे उमटू लागला. निकाल निराशाजनक, कामगिरी निराशाजनक, अल्बमही निराशाजनक. तुमच्या मित्राचा आक्षेप रास्त आहे, कारण हा शब्द ऐकणाऱ्याची मनःस्थिती सांगतो आणि ती ऐकलेल्या वस्तूचा गुण म्हणून मांडतो.

'भ्रमनिरास' हा आणखी वेगळा शब्द. पुष्कळ जण तो 'भ्रमनिराश' असा लिहितात, कारण त्यांना त्यात निराशा ऐकू येते. पण इथे 'निरास' आहे, म्हणजे बाहेर टाकणं, दूर करणं. शंकानिरसनातलं 'निरसन' याच कुळातलं. तेव्हा भ्रमनिरास म्हणजे भ्रम दूर होणं. तसं पाहिलं तर ही चांगली गोष्ट! पण ती झाली असं म्हणताच आपल्याला आधी भ्रम होता हेही कबूल करावं लागतं. चूक ऐकणाऱ्याच्या पदरात पडते.

याचं उदाहरण म्हणून ओॲसिस या ब्रिटिश बँडचा १९९७ सालचा 'बी हिअर नाऊ' घ्या. त्याच्याभोवती इतकं वातावरण तापलं होतं की ब्रिटनमध्ये पहिल्याच दिवशी त्याच्या ४ लाखांहून अधिक प्रती खपल्या. सुरुवातीची परीक्षणं कौतुकानं ओथंबलेली होती. आधीच्या अल्बमला आपण कमी लेखलं, आता तीच चूक नको, असंही समीक्षकांना वाटत होतं. पुढे उत्साह ओसरल्यावर लांबलचक गाणी आणि एकावर एक चढवलेले गिटारचे थर लोकांच्या कानाला जाणवू लागले. अल्बम होता तसाच होता. गेला तो भ्रम. इथे 'भ्रमनिरास' अचूक बसतो.

प्रतिसाद २

अपेक्षाभंगाबद्दल मला लिहायचं आहे, कारण हा शब्द फार सुंदर आहे आणि आपण तो उगाच रडवेला करून टाकला आहे.

संस्कृतातला 'ईक्ष्' हा धातू म्हणजे पाहणे. त्यातून अप + ईक्षा = अपेक्षा, प्रति + ईक्षा = प्रतीक्षा, परि + ईक्षा = परीक्षा, सम् + ईक्षा = समीक्षा, उप + ईक्षा = उपेक्षा असे शब्द झाले. एखाद्या अल्बमचं सगळं आयुष्य या पाच शब्दांत मावतं. आधी प्रतीक्षा, तिच्यासोबत वाढत जाणारी अपेक्षा, मग परीक्षा, समीक्षा आणि कित्येकांच्या नशिबी शेवटी उपेक्षा. पाचही पाहण्याच्याच तऱ्हा आहेत. (जाता जाता : प्रतीक्षा, परीक्षा, समीक्षा यांत दुसरं अक्षर दीर्घ का, याचं उत्तर वरच्या संधीत आहे. 'बहुप्रतिक्षित' असं ऱ्हस्व लिहिलेलं जागोजागी दिसतं, ते चूक.)

तर अपेक्षाभंग म्हणजे आपण ज्या दिशेला पाहत होतो तिथून ती गोष्ट न येणं. ती वाईट होती, असं हा शब्द कुठेही म्हणत नाही. रेडिओहेडनं १९९७ मध्ये 'ओके कम्प्युटर' काढला आणि गिटारच्या जोरावर उभ्या राहिलेल्या बँडकडून लोक तसंच काही पुन्हा ऐकायला सरसावून बसले. २००० मध्ये 'किड ए' आला. त्यात गिटार मागे गेलेली, इलेक्ट्रॉनिक नाद पुढे आलेले, आणि त्यातलं एकही गाणं सिंगल म्हणून वेगळं काढलेलं नाही. असंख्य चाहत्यांचा अपेक्षाभंग झाला. आज तोच अल्बम त्या दशकातल्या उत्तम अल्बमांत गणला जातो. अपेक्षाभंग खरा होता, अल्बमही खरा होता. 'निराशाजनक' म्हटलं की या दोन गोष्टी एकमेकींत कालवल्या जातात.

आणखी पुढे जाऊन म्हणेन की संगीतातला आनंदच पुष्कळदा अपेक्षाभंगावर उभा असतो. लिओनर्ड मेयर या अमेरिकन अभ्यासकानं १९५६ साली हाच विचार सविस्तर मांडला : पुढचा सूर कुठला येणार याचा कान अंदाज बांधत असतो, आणि तो सूर अडला, लांबला किंवा वेगळीकडे वळला की भावना जागते. समेची वाट पाहायला लावून गायक ती किंचित पुढेमागे टाकतो तेव्हा आपण 'वा' म्हणतो ते कशाला? तोही अपेक्षाभंगच. चार मात्रांच्या अंतरात तो आपल्याला हवाहवासा वाटतो. सहा वर्षांच्या अंतरात मात्र आपण त्याला गुन्हा ठरवतो.

प्रतिसाद ३

सुंदर, पण थोडं सांभाळून. यामुळे प्रत्येक कमअस्सल अल्बमला 'तुमचा अपेक्षाभंग झाला हो, अल्बम थोर आहे' असं म्हणून वाचवता येईल. काही अल्बम खरोखरच वाईट असतात.

प्रतिसाद ४

असतातच. आणि त्यांच्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, तिथे रोज कानावर पडणारे शब्द सांगतो.

'फसला' आणि 'पडला' यांत आम्ही कटाक्षानं फरक करतो. पडला, आपटला, चालला नाही हे खपाचे शब्द. फसला हा करण्याचा शब्द आहे. काहीतरी साधायचं होतं आणि ते साधलं नाही. म्हणजे प्रयत्न होता हे 'फसला' शब्दात मान्य केलेलं असतं, आणि म्हणून मला तो न्यायाचा वाटतो. ज्यानं काही करूनच पाहिलं नाही त्याचं फसणार काय? त्याच्यासाठी 'पाट्या टाकल्या' आहे, 'उरकलं' आहे, 'वेठ मारली' आहे. कलावंताला यांहून मोठी शिवी नाही. पण मन लावून केलेल्या फसलेल्या कामाला हे शब्द लावले की अन्याय होतो, आणि चाहते रागाच्या भरात नेमके तेच लावतात.

'फसला' आणि 'फसगत झाली' यांतही गल्लत नको. पहिल्यात फसतो अल्बम, दुसऱ्यात ऐकणारा. लू रीड या अमेरिकन रॉक गायकानं १९७५ मध्ये 'मेटल मशीन म्युझिक' नावाचा दुहेरी अल्बम काढला. त्यात गाणी नाहीतच. चारही बाजूंवर गिटारच्या फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणाऱ्या किंकाळीचा) कर्कश कल्लोळ आहे, प्रत्येक बाजू साधारण सोळा मिनिटांची. गाणी मिळतील म्हणून घेणाऱ्यांना आपली फसगत झाली असं वाटलं आणि अनेकांनी प्रती परत केल्या. अल्बम फसला होता का? ज्याला तो कल्लोळच घडवायचा होता, त्याच्या बाजूनं नाही.

'भरीची गाणी' हाही उपयोगी शब्द. १९४८ मध्ये आलेल्या एलपी तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावत. म्हणजे दोन्ही मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत सगळं सांगायचं. १९८२ मध्ये सीडी आली आणि एकदम ७४ मिनिटांची जागा मोकळी झाली. जागा दिसली की ती भरावीशी वाटते. आठ चांगल्या गाण्यांना सहा भरीची जोडली गेली आणि अल्बम पातळ होऊ लागले. 'अल्बम वाईट' म्हणण्याऐवजी 'पाच गाणी भरीची आहेत' म्हटलं तर कोणती पाच यावर तरी बोलता येतं. तो वाद कामाचा.

आणि 'सुमार'. हा फारसीतून आला, मूळ अर्थ मोजणी. 'बेसुमार' म्हणजे मोजता न येणारं, 'सुमारे' म्हणजे अंदाजे मोजून. मराठीत एकटा 'सुमार' मात्र बेताच्या दर्जाचं, कुठेही सहज सापडणारं अशा अर्थी रूढ झाला. भिकार, टुकार, भंगार या शब्दांत संताप असतो, सुमारमध्ये तोही नसतो. म्हणून तो जास्त लागतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

'विरस' आणि 'रसभंग' राहिले. विरस म्हणजे रस निघून जाणं, ऐकताना हळूहळू मन उतरणं. रसभंगाला मात्र आधी रस जमलेला असावा लागतो. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनानं रसभंगाचं कारण एकच सांगितलं, अनौचित्य. जे जिथे शोभत नाही ते तिथे येणं. अल्बममधली सहा गाणी एका सुरात आपल्याला आत नेतात आणि सातवं अचानक नाचायला बोलावतं, तेव्हा ते सातवं गाणं एरवी कितीही छान असलं तरी तिथे रसभंग करतं. 'गाणी चांगली आहेत पण अल्बम जमला नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

ती तक्रार समजायला 'अल्बम' शब्दाचा प्रवासही उपयोगी पडेल. लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे पांढरा. रोममध्ये जाहीर सूचना लिहायच्या पांढऱ्या फळीला आल्बुम म्हणत. पुढे कोऱ्या पानांच्या वहीला हे नाव मिळालं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत, तेव्हा अशा अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधलेल्या पुठ्ठ्यात एकत्र विकल्या जात, म्हणून तो संच अल्बम झाला. पुढे सगळं एकाच तबकडीवर मावलं तरी नाव टिकलं. सारांश, अल्बम म्हणजे एकत्र बांधणं. सुटी गाणी चांगली असून बांधणी चुकू शकते.

'हिरमोड' मात्र यात घालू नये. तो लहान, ताजा आणि लवकर भरून येणारा असतो. अल्बमची तारीख पुढे ढकलली तर हिरमोड होतो. अल्बम ऐकून होतं ते वेगळं.

प्रश्नकर्ता

मी हे सगळं दोनदा वाचलं आणि मग अल्बम पुन्हा लावला. 'पाट्या टाकल्या' नक्कीच नाही. दोन गाणी भरीची आहेत. चौथं फसलंय, पण काय करायला गेले होते ते आता ऐकू येतं. पहिल्या रात्री ते ऐकूच आलं नव्हतं, कारण मी सगळा वेळ जुन्या अल्बमचा आवाज शोधत होतो.

तरी एक शब्द अजून सापडत नाही. मी रागावलो आहे, पण सोडून दिलेलं नाही. 'नाराज' म्हणावं तर वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यावर नाराज असल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद ५

'रुसवा' म्हणा की. परक्यावर राग येतो, रुसतो आपण फक्त आपल्या माणसावर. रुसण्यात समजूत काढली जाण्याची वाट पाहणं असतं. बरेच चाहते नव्या अल्बमवर तुटून पडतात तेव्हा ते टीका करत नसतात, रुसलेले असतात. समीक्षकही यातून सुटत नाहीत. बॉब डिलनचा १९७० सालचा 'सेल्फ पोर्ट्रेट' आला तेव्हा ग्रील मार्कस या समीक्षकानं त्यावर केलेला प्रहार आजही आठवला जातो. २०१३ मध्ये डिलनच्या त्याच काळातल्या ध्वनिमुद्रणांचा संच निघाला आणि त्याच्या पुस्तिकेतला लेख त्याच मार्कसनं लिहिला. त्रेचाळीस वर्षं तो त्या गाण्यांपासून दूर गेला नव्हता, एवढं तरी त्यावरून दिसतं.

अट एकच, रुसवा हा समीक्षेत लिहायचा शब्द नाही. तिथे फसलेलं गाणं कोणतं, भरीचं कोणतं, रसभंग कुठे झाला हेच लिहावं. रुसवा आपसांत बोलताना ठेवावा.

प्रतिसाद ३

हे पटलं. आणि 'मुरणे' राहिलं! पहिल्यांदा नकोसं वाटलेलं गाणं आठव्या वेळी आवडू लागतं, त्याला आम्ही 'अल्बम मुरला' म्हणतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की नुसत्या पुनःपुन्हा समोर येण्यानं गोष्टी आवडू लागतात. त्यामुळे मुरला म्हणजे चांगला होताच असं सिद्ध होत नाही, सवय झाली एवढंही असू शकतं. मग मुरणे आणि अंगवळणी पडणे यांत फरक कसा करायचा?

प्रश्नकर्ता

माझ्यापुरती खूण अशी : अंगवळणी पडलेलं गाणं सुरू असताना मला दुसरं काम करता येतं. मुरलेलं लागलं की हातातलं काम थांबतं. चौथं गाणं आज सकाळी लागलं तेव्हा मी भांडी विसळत होतो. नळ बंद केला.