शब्दचर्चा : ‘मेंदूची नस’ की ‘तंतुमार्ग’?

प्रश्न : माझ्या भाचीच्या एमआरआय अहवालात ‘कॉर्पस कॅलोसम’ (मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा) जन्मतः नाही असे लिहिले असून सोबत रंगीत रेषांचे चित्र आहे. इथे सोलापुरात नातेवाईक ‘मेंदूची एक नस नाही’ असे म्हणतात. हा शब्द योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि चेतातंतूलाही. सोलापुरातील कानडी घरांत रुळलेल्या ‘नर’ आणि तेलुगू घरांतल्या ‘नरम्’ या शब्दांतही हीच सरमिसळ आहे. त्यामुळे ‘नस नाही’ हे ऐकताच आईवडील मेंदूला रक्त कमी पडते का, म्हणून घाबरतात. वास्तविक या दोषात मुद्दा असतो तो मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या वाटेचा. म्हणून ‘तंतुमार्ग’.

‘नाही’ या शब्दाबद्दलही जपून बोलावे. मधली रेषा ओलांडू न शकलेले तंतू अनेकदा नष्ट न होता आपापल्याच बाजूला वळतात आणि पुढून मागे जाणारा जुडगा बनवतात. संशोधक प्रोब्स्ट यांनी १९०१ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे त्याला ‘प्रोब्स्ट जुडगा’ म्हणतात. रंगीत रेषांच्या अशा चित्रांत प्रचलित संकेतानुसार डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढून मागे जाणारे हिरवे आणि वरून खाली जाणारे निळे दाखवतात. तेव्हा मधोमध लाल कमान नाही, पण दोन्ही बाजूंना हिरवे पट्टे आहेत, असे काही दिसते का ते डॉक्टरांना विचारून पाहावे.

दुसरे वाचक : मग या चित्राला ‘तंतूंचे छायाचित्र’ म्हणता येईल का?

उत्तर : ‘आरेखन’ म्हणावे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाण्याचे रेणू सहज सरकतात, आडवे जाताना अडखळतात; १९९४ मध्ये संशोधक बॅसर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीने ही दिशा मोजली जाते व संगणक त्यावरून रेषा जोडत जातो. मोजमापाचा एकेक ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा, त्यात हजारो तंतू. ते एकमेकांना छेदत असतील तर रेषा मध्येच तुटते. म्हणजे रेषा उमटली नाही, एवढ्यावरून मार्गच नाही असे ठरत नाही, आणि अहवालाचे मराठी करताना ‘दिसत नाही’ व ‘नाही’ यांतला फरक राखलाच पाहिजे. मूल कधी चालेल, कसे बोलेल, हे तर केवळ या रेषांवरून कोणीही सांगू नये. त्यासाठी बालमेंदूविकारतज्ज्ञाने मुलाला प्रत्यक्ष तपासावे लागते.