चौथी डिव्हिजन: १९६२ मध्ये कोसळली, १९६५ मध्ये जिंकली, हे कसं?

गडवाट
लाल गरुडाचं चिन्ह असलेली भारताची ४ थी डिव्हिजन दुसऱ्या महायुद्धात गाजली, १९६२ च्या चीन युद्धात नेफात (आजचा अरुणाचल प्रदेश) तिची वाताहत झाली आणि १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला तिनेच पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले. तीन वर्षांत एवढा फरक कसा? आणि मराठा पलटणी हिच्यात होत्या का?

जुनी_पलटण
सगळा घोटाळा 'तीच डिव्हिजन' या शब्दांत आहे. डिव्हिजन म्हणजे एक मुख्यालय, साधारण तीन ब्रिगेड आणि तोफखाना, इंजिनिअर, रसद. प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीनेक पलटणी (बटालियन). मुख्यालय आणि चिन्ह टिकतं, पलटणी येत-जात राहतात. पाटी तीच, दुकानातला माल वेगळा. म्हणून 'डिव्हिजन काय करत होती' असं न विचारता 'त्या महिन्यात तिच्याखाली कोणत्या ब्रिगेड होत्या' हे आधी पाहावं.

ही डिव्हिजन १९३९ मध्ये इजिप्तमध्ये उभी राहिली. तिच्या लढाया: इजिप्तमध्ये सिदी बरानी (डिसेंबर १९४०), इरिट्रियात केरेन (१९४१), ट्युनिशियात वाडी अकारित (१९४३), मग इटलीत कसिनो, शेवटी ग्रीस. फाळणीत तिचं मुख्यालय पंजाबात शांतता राखायला नेमलेल्या पंजाब बाउंड्री फोर्सचा गाभा झालं. या दलाचे प्रमुख मेजर जनरल रीस यांच्याकडे १२ जिल्हे होते. १ ऑगस्ट १९४७ ला सुरू झालेलं हे दल महिन्याभरातच मोडलं. मिश्र पलटणींतच धर्मावरून ताण होता, आणि एवढ्या मुलखाला माणसं अपुरी.

कडेकपारी
१९६२ चं मूळ शांततेच्या काळात आहे. डिव्हिजन अंबाल्यात, म्हणजे मैदानी लढाईची तयारी करणारी. त्यातही तेव्हाचे डिव्हिजन-प्रमुख जनरल कौल यांच्या 'ऑपरेशन अमर'मध्ये जवानांना घरं बांधायला लावली. सरावाचा वेळ विटा-सिमेंटात गेला. १९५९ च्या अखेरीस नेफात हलवली, पण ११ वी ब्रिगेड नागा भागात गेली आणि बाकीची विखुरली.

नेफाच्या सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठालगत डिव्हिजनची ७ वी ब्रिगेड पसरली होती आणि समोरचा थागला डोंगर चिन्यांच्या ताब्यात. रसद विमानातून जवळच्या त्सांगधारला टाकायची, पाडलेला माल दऱ्यांत जायचा. सुती गणवेश, माणशी साधारण ५० राउंड, तोफा नावालाच. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला तेव्हा टेलिफोनच्या तारा आधी तुटल्या, मग एकेक पलटण वेगळी पडली. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी कैद झाले. त्यांचा कागदोपत्री विरोध वर कुणी ऐकला नाही. नंतर से ला ही खिंड न लढताच सोडल्यावर मागचं बोमदिलाही गेलं.

जुनी_पलटण
एक धागा मात्र खरंच जोडलेला आहे: ४ ग्रेनेडियर्स नामका चूवरही होती आणि असल उत्तरलाही. असल उत्तरला परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद याच पलटणीचे. तेव्हा 'सगळं बदललं' असंही म्हणू नये.

रणगाडा५५
असल उत्तरला डिव्हिजन 'माउंटन' होती, म्हणजे साजसरंजाम हलका. ६-७ सप्टेंबरचा तिचा पाकिस्तानातल्या इच्छोगिल कालव्याकडचा हल्ला फसला, हे बहुतेक लेखांत गाळतात. मग मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी माघार घेऊन घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले: आत पायदळ, ऊसात लपलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस (रणगाडाविरोधी) तोफांच्या जीप, बगलेला २ री स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. पाणी सोडून शेतांचा चिखल केला. पॅटन तिथे रुतले, आणि ऊसामुळे त्यांना लांबचा मारा साधता येईना. भारतीय आकडा ९७ रणगाड्यांचा आहे, त्यात मोडलेले आणि सोडून दिलेले दोन्ही येतात. फरक धाडसाचा कमी, जागा निवडण्याचा जास्त.

कडेकपारी
१९७१ ची पूर्व पाकिस्तानातली (आजचा बांगलादेश) मोहीम छोटी पण बरीचशी साफ: मेजर जनरल बरार यांच्या हाताखाली झेनिदा, मग मधुमती नदी ओलांडून फरीदपूर. मधे कुष्टियाजवळ दबा धरलेल्या शत्रूच्या सापळ्यात अडकण्याची चूक झाली. पुढे मुक्काम अलाहाबादला.

जुनी_पलटण
मराठा पलटणींबद्दल: केरेनला 'फ्लॅट टॉप' टेकडी घेणारी ३/५ मराठा (५ व्या मराठा रेजिमेंटची ३ री पलटण) ५ व्या डिव्हिजनची होती, आणि १९४४ मध्ये इटलीत यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा तीच पलटण १० व्या डिव्हिजनमध्ये. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नामदेव जाधव १/५ मराठाचे, ८ व्या डिव्हिजनमधले. लाल गरुडाच्या खाती यांपैकी काहीही लिहू नका, ही चूक समाजमाध्यमांवर वरचेवर दिसते.