रात्री दहानंतर बारमध्ये डीजे: पंचायत परवाना देताना अट घालू शकते का? (पेडणे तालुका, गोवा)

पेडणेची_सून

आमच्या वाड्याला लागून जुन्या भाटात (माडांच्या बागेत) गेल्या हंगामात एक बार उघडलाय. तीन बाजू मोकळ्या, वर झावळ्यांचं छप्पर, स्पीकरांची तोंडं नेमकी आमच्या घरांकडे. शुक्रवारी-शनिवारी डीजे असतो. बारा वाजले की गाणं असं ऐकूच येत नाही, नुसता ठोका येतो. मांडणीवरची स्टीलची झाकणं थरथरून वाजायला लागतात आणि सासूबाई उठून ती एकेक काढून खाली गोणपाटावर मांडत बसतात. मुलगा यंदा बारावीला आहे, त्याचं तर विचारूच नका.

आता त्यांच्या पंचायत परवान्याचं नूतनीकरण आलंय आणि या खेपेला अर्जात ‘लाईव्ह म्युझिक’ही घातलंय. रविवारच्या ग्रामसभेत विषय निघणार. पंच म्हणतात, आवाज आमच्याकडे येत नाही, पोलिसांना सांगा. पोलिसांना फोन केला तर म्हणे त्यांच्याकडे परवानगी आहे. कसली, ते कोणी दाखवत नाही.

मला बार बंद पाडायचा नाही. आमच्याच वाड्यावरची दोन पोरं तिथे कामाला आहेत. दहानंतर आवाज कुंपणाबाहेर नको, एवढंच म्हणणं आहे. बोट नेमकं कुठे ठेवायचं?

निवृत्त_सचिव

ताई, ‘परवानगी आहे’ म्हटलं की आधी विचारायचं, कोणाची? बारवाल्याकडे कागदांची चळत असते. पंचायतीचा व्यवसाय परवाना, अबकारीचा दारू परवाना, अन्न परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन दलाचा दाखला, समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांचं, प्रकरण वेगळं. यातला एकही कागद रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायची मुभा देत नाही. अबकारीने उशिरापर्यंत उघडं ठेवू दिलं तरी ती दारू विकायची वेळ, गाणी वाजवायची नव्हे.

आवाजाचं सगळं ध्वनी प्रदूषण नियम, २००० मध्ये आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सूट फक्त बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे, तीही आतल्या आत. झावळ्यांचं छप्पर आणि तीन बाजू मोकळ्या असलेली जागा बंदिस्त कशी होईल? तक्रार ऐकणारा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, किंवा नेमून दिलेला पोलीस अधिकारी, उपअधीक्षकाच्या खालचा नव्हे. फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका, लेखी द्या.

आणि छपराचं लिहिलंत म्हणून एक. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या क्लबमधल्या आगीत २५ जण गेले, तिथे वाट अरुंद म्हणून बंब दारापर्यंत पोचू शकले नव्हते. तुमच्या भाटाच्या वाटेत बंब वळतो का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. आवाजाला हसणारे पंच त्याला हसणार नाहीत.

किनाऱ्यावरचा_बारवाला

माझाही बार आहे, मोरजीला. आमचा धंदा ऑक्टोबर ते मे, पावसात भाडं खिशातून जातं. दहाला गाणी बंद केली की गिऱ्हाईक दुसऱ्या गावात जातं, तिथे चालूच असतं. नियम लावायचा तर सगळ्यांना सारखा लावा, माझी ना नाही. आणि राग मानू नका, पण जत्रेला देवळासमोर दहीकाला (दशावतारी नाटक) पहाटेपर्यंत कर्ण्यावर चालतो, तेव्हा कोणाच्या सासूबाई उठत नाहीत?

पेडणेची_सून

उठतात की. खुर्ची काखोटीला मारून पहिल्या रांगेत बसायला जातात.

पण मुद्दा तुमचा खरा आहे, आणि ग्रामसभेत कोणीतरी तो काढणारच. सणउत्सवांना सूट आहे, पण तीही मध्यरात्रीपर्यंत आणि वर्षाला १५ दिवसांच्या वर नाही. पहाटेचा कर्णा त्यातही बसत नाही. म्हणून हे मीच आधी बोलणार आहे: बारानंतर काला कर्ण्याशिवाय. जुने दशावतारी कर्णा लावून थोडेच गायचे? सासरे गुरकावतील, पण मग बारवाल्याला बोट दाखवायला जागा उरणार नाही.

साउंडवाला_म्हापसा

मी लग्नांना, बारना साउंड देतो, म्हणून तांत्रिक सांगतो. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. मोजणी डीबी-ए मध्ये होते आणि त्यात खालचा बेस फार कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर आकडा बरा दिसेल आणि तुमची झाकणं तरी वाजतील. नुसतं ‘आवाज कमी करा’ म्हणाल तर तो वरचा आवाज उतरवेल, सब, म्हणजे बेसचा ठोका काढणारा सब-वूफर स्पीकर, तसाच ठेवेल.

अट अशी मागा: दहानंतर सब-वूफर बंद, आणि एरवीही स्पीकरांची तोंडं वस्तीकडे नकोत. हे मीटरशिवाय कोणालाही डोळ्यांनी तपासता येतं. मालक शहाणा असेल तर दहानंतर गिऱ्हाइकांना हेडफोन देईल, तशा पार्ट्या आपल्याकडे होतातच.

पेडणेची_सून

सबचं कोणी सांगितलंच नव्हतं! आम्ही वर्षभर नुसतं ‘आवाज, आवाज’ करत होतो. सचिवबाब, ठरावात हे सगळं कसं घालायचं? आणि परवान्याची फाईल आधी बघायला मिळेल?

निवृत्त_सचिव

माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येते, पण उत्तराला ३० दिवस. तुमच्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे, तेव्हा सभेतच सचिवाला अर्ज वाचून दाखवायला सांगा, बांधकामाच्या परवान्यासकट.

ठरावात ‘तीव्र विरोध’ वगैरे नको, तसले ठराव फायलीत कुजतात. लिहा: संगीताचा परवाना बंदिस्त खोलीपुरताच द्यावा, उघड्यावर रात्री १० नंतर कोणताही ध्वनिक्षेपक वा सब-वूफर चालवू नये, अग्निशमन दलाचा दाखला जोडल्याशिवाय नूतनीकरण करू नये. मसुदा उद्याच पंचायतीत नेऊन द्या, वाड्यावरच्या जमतील तेवढ्या सह्या घेऊन. आवक क्रमांक घातलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक साळगावला प्रदूषण मंडळाकडे.