‘ट्रबल्ड ब्लड’: नावं, साक्षी आणि राशींचा गुंता कसा सोडवावा?

पानवेल्हाळ
रॉबर्ट गॅलब्रेथ (म्हणजे जे. के. रोलिंग) यांची ‘ट्रबल्ड ब्लड’ ही रहस्यकादंबरी वाचायला घेतली आहे. ९०० च्या वर पानं. ऑक्टोबर १९७४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेलमधली डॉ. मार्गो बॅमबरो दवाखान्यातून निघते, मैत्रिणीला भेटायला पबकडे जाते आणि तिथे पोचतच नाही. २०१३ मध्ये तिची मुलगी स्ट्राइक आणि रॉबिन या खासगी गुप्तहेरांना गाठते. सुरुवात जबरदस्त. पण पुढे दवाखान्यातली माणसं, पेशंट, पोलीस, त्यांची मुलंबाळं अशी नावांची रांगच लागते. त्यात पहिल्या तपास अधिकाऱ्याच्या वहीतल्या राशी, आणि प्रकरणांच्या आधी जुन्या इंग्रजीतल्या ओळी. काय गाळलं तर चालेल? नोंदी कशा ठेवाव्यात? कृपया शेवट फोडू नका.

धागेदोरे
नावांची यादी केलीत तर ती वाढतच जाईल. साक्षींची करा. वही आडवी धरून पाच रकाने आखा: साक्षीदार कोण; कुठे उभा होता आणि किती वाजता; १९७४ मध्ये काय सांगितलं; आता काय सांगतो; आणि स्वतः पाहिलं की ऐकीव. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चाळीस वर्षांत कितीतरी माणसं गेलेली असतात, त्यामुळे आईने पाहिलेलं मुलगा सांगतो. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात फरक दिसला की तिथे फुली मारा. या कादंबरीची खरी गंमत त्या फुल्यांमध्ये आहे.

‘संशयित’ असा रकाना मात्र अजिबात नको. एकदा नाव लिहिलं की पुढची प्रत्येक साक्ष आपण त्या नावाभोवती वाचायला लागतो. पहिला तपास अधिकारी इन्स्पेक्टर टॅलबॉट, त्याचं नेमकं हेच झालं: डेनिस क्रीड या सीरियल किलरचंच हे काम, असं त्याने आधी ठरवलं आणि न जुळणाऱ्या साक्षी बाजूला सारल्या.

अर्ध्या पानावर नकाशाही काढा. सेंट जॉन्स लेनमधला दवाखाना, क्लार्कनवेल ग्रीन, थ्री किंग्ज पब. सगळा रस्ता दहा मिनिटांच्या आत चालून होतो. फोन बॉक्सजवळ झटापट करणाऱ्या दोन बायका, भरधाव गेलेली व्हॅन, हे सगळं त्यावर मांडा. तारीख ११ ऑक्टोबर. लंडनमध्ये त्या दिवशी सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्या संध्याकाळी पाऊसही होता. ‘मी स्पष्ट पाहिलं’ असं कुणी म्हटलं की हे आठवा.

मघा_नक्षत्र
राशींबद्दल. आपण रास चंद्रावरून सांगतो, टॅलबॉट पाश्चात्त्य पद्धतीने सूर्यावरून. त्यामुळे जन्मतारखेवरून आपल्या पंचांगातली रास काढत बसलात तर काहीच जुळणार नाही. तो माणसांना नावाऐवजी राशीच्या चिन्हाने लिहितो, म्हणून चिन्ह आणि माणूस अशी जोडी लावत चला.

(किंचित स्पॉयलर, नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) एखादी जोडी तारखेशी विसंगत वाटली तर तुमचा हिशोब चुकला असं लगेच समजू नका. काही ठिकाणी तो १२ ऐवजी १४ राशींची पद्धत वापरतो.

प्रकरणांआधीच्या ओळी एडमंड स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’ या काव्यातल्या. त्याचे पहिले तीन भाग १५९० मध्ये आले, पुढचे १५९६ मध्ये. स्पेलिंग जुनं असल्यामुळे डोळे अडखळतात. मोठ्याने वाचलं की बराच अर्थ लागतो. पहिल्या वाचनात गाळल्या तरी तपास कळायला अडचण नाही. टॅलबॉटची वही मात्र गाळू नका.

कार्डइंडेक्स
१९७४ चं पोलीसकाम डोळ्यासमोर असेल तर पुस्तक जास्त भिडतं. डीएनए फिंगरप्रिंटिंग ॲलेक जेफ्रीज यांनी लेस्टरमध्ये शोधलं ते १९८४ मध्ये. कॉम्प्युटर नाही, जबाब कागदावर, संदर्भ कार्डांवर. दोन जबाबांतली विसंगती दिसायची तर ती दोन्ही कार्डं एकाच माणसाच्या हातात एकाच वेळी यायला हवीत. याच पद्धतीमुळे यॉर्कशायरमध्ये पीटर सटक्लिफ या सीरियल किलरची ९ वेळा चौकशी होऊनही तो सुटत राहिला आणि जानेवारी १९८१ मध्ये पकडला गेला. त्यानंतरच ब्रिटिश पोलिसांनी ‘होम्स’ ही कॉम्प्युटर यंत्रणा आणली. इथे तर मृतदेहच नाही, म्हणजे नवीन चाचणी करायची कशावर? म्हणून स्ट्राइक आणि रॉबिनला माणसांकडेच परत जावं लागतं.

सलगवाचक
एजन्सीच्या इतर केसेस गाळा असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. मुलीने दिलेली मुदत एका वर्षाची आहे आणि ते वर्ष सरतंय हे या केसेसमधूनच जाणवतं. फक्त ‘शिफ्टी’, ‘पोस्टकार्ड’ ही त्यातल्या माणसांची टोपणनावं आहेत एवढं लक्षात ठेवा; प्रत्येकी एक ओळ टिपली की पुरे. ही मालिकेतली पाचवी कादंबरी आहे. निदान चौथी, ‘लीथल व्हाइट’ (२०१८), आधी वाचलेली असावी, नाहीतर रॉबिनच्या घटस्फोटाचं ओझं कळत नाही.

पानवेल्हाळ
सगळ्यांचे आभार! रकाने आखायला घेते. ईबुक घ्यावं की छापील?

धागेदोरे
ईबुकमध्ये नाव शोधलं की ते माणूस पहिल्यांदा कुठे आलं ते लगेच सापडतं, हा मोठा फायदा. पण टॅलबॉटच्या वहीची पानं चित्ररूपात आहेत, त्यातलं अक्षर शोधात येत नाही आणि मोबाइलवर बारीक दिसतं. ती पानं टॅबवर मोठी करून बघा. ऑडिओबुक पहिल्या वाचनाला नकोच. चित्रं समोर नसतील तर राशींच्या जोड्या लावता येणार नाहीत.